ओठाला लावलेलं सूत

मागच्या आठवड्यात यांना घेऊन सावंगीच्या दवाखान्यात गेले होते. साखर बऱ्याच वर्षांपासून आहे, आता तळपायाला मुंग्या येतात. तपासणारी डॉक्टर मुलगी आमच्या मुलीहूनही लहान दिसत होती. तिने यांना डोळे मिटायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक आखूड धागा घेतला आणि अंगठ्याखाली, टाचेवर, चवड्यावर टेकवत गेली. टेकला की धागा वाकायचा.

"लागलं की हो म्हणा, काका."

हे हो म्हणत होते. धागा टेकलेला नसतानाही म्हणत होते, आणि टेकलेला असताना गप्प बसत होते.

मी विचारलं, हा धागा कोणत्या हिशेबाने केलेला असतो. ती म्हणाली, "काकू, दहा ग्रॅमचा दाब पडला की हा वाकतो. तेवढं माणसाला कळायला पाहिजे."

दहा ग्रॅम. म्हणजे आमच्या दोन वायसर.

पुढे रक्त द्यायचं होतं आणि रांग मोठी होती. यांना बाकावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मी बाहेर पडले. वर्ध्याच्या रस्त्याला थोडं चाललं की डाव्या हाताला मुलांची मेस, झेरॉक्सचं दुकान आणि मोबाईल दुरुस्तीवाला लागतो. आमचं वाइंडिंगचं शेड तिथे होतं. एक कडुलिंब ओळखीचा वाटला, पण तो तेव्हाचाच आहे की दुसरा, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. मेसमधून फोडणीचा वास येत होता. मला मात्र कोऱ्या सुताचा वास हवा होता, तो कुठेच नव्हता.

टिनाचं छप्पर, विटांच्या भिंती, वरच्या बाजूला जाळ्या. आत दोन लांब मशीन, प्रत्येकीला ओळीने सूत गुंडाळणारे फिरते ड्रम. सुताच्या बॉबिना पेट्यांतून यायच्या. आम्ही बायका ते सूत मशीनवर कागदी कोनांवर गुंडाळायचो, आणि कोन मागवाल्यांकडे जायचे. काम एवढंच. पण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागायची. बॉबिनीतून निघालेलं सूत दोन पोलादी चकत्यांच्या मधून जायचं, त्या चकत्यांवर वायसर, म्हणजे भोकाच्या छोट्या लोखंडी कड्या, ठेवलेल्या असायच्या, आणि त्या वजनाने सूत दाबून धरलं जायचं. शेठजी त्याला टेन्शन म्हणायचे, आम्ही ओढ म्हणायचो. ओढ कमी पडली की कोन पोळीसारखा मऊ व्हायचा, त्याचे थर घसरायचे. जास्त झाली की सुताचा जीव जायचा. दिसायला ठीकच, पण मागावर चढलं की तुटायचं. एक वायसर पाच ग्रॅमची. चाळीस नंबरच्या सुताला दोन, वीस नंबरच्या जाड सुताला त्याहून जास्त. हे झालं कागदावरचं. बॉबिन संपत आली की ओढ आपोआप वाढते. चकत्यांत कापसाची पिंज अडकली की नाहीशी होते. मशीन जुनी, चकत्या झिजलेल्या. त्यामुळे खरं माप बोटाला कळायचं, वायसरीला नाही.

मला ते यमुनावहिनीने शिकवलं. यमुनावहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, हिंगणीची. बोर धरणाकडच्या जंगलाकाठची, त्यामुळे उन्हाळ्यात माहेराहून आली की तिच्या पिशवीत टेंभरं, चारं अशी रानफळं असायची आणि लुगड्याला मोहाचा वास. दादा कापसाच्या बाजारात मापारी होता. माय घरी. वहिनी माझ्या आधीपासून शेडमध्ये होती. मॅट्रिकला मी गणितात पहिली आणि इंग्रजीत नापास झाले, तेव्हा तिनेच शेठजींना सांगून मला शेजारच्या ड्रमवर बसवलं. सत्तरच्या दशकातली शेवटची दोन-तीन वर्षं असतील.

"बोट आडवं लाव. दाबू नोको, नुसतं टेकव," ती म्हणाली. "माशी बसल्यावानी वाटलं तं ढिलं आहे. मुंगी चालल्यावानी वाटलं तं बराबर."

"अन् मुंगी चावल्यावानी वाटलं तं?"

"तं वायसर काढ. बोट कायले काढतं?"

तिचं बोट फार बारीक ऐकायचं. ती चालत्या सुताखालून तर्जनीचं पेर फिरवायची, न बघता एक वायसर उचलायची किंवा ठेवायची, आणि तिच्या कोनावर अंगठा दाबला की तो वरपासून खालपर्यंत सारखाच लागायचा. प्रत्येकीने आपल्या कोनाच्या आतून खडूची खूण करायची रीत होती. वहिनीची निळी, माझी पिवळी. निळ्या खुणेचा कोन कधी परत आला, असं मला आठवत नाही.

त्या शेडला ऋतू होते. आमच्याकडचा मे महिना म्हणजे टिनाखाली भट्टी. सूत कोरडं, कडक, केसासारखं अंगाला चिकटायचं. जमिनीवर ओली पोती टाकायची, सकाळीच पाणी शिंपायचं, त्या ओल्या तरटाचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास. तेव्हा एक वायसर कमी लागायची. श्रावणात सूत जड, गुबगुबीत. तेव्हा चकत्या दर घडीला फुंकायच्या. थंडीत सकाळी मशीन सुरू झाली की पहिल्यांदा पोलाद कुरकुरायचं, मग हळूहळू सगळे ड्रम एका सुरात यायचे. त्या सुरावर बायका भुलाबाईची गाणी म्हणायच्या. शब्द ऐकू यायचे नाहीत, ओठ तेवढे हलताना दिसायचे. दुपारी गोल करून बसायचं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. डब्यात, केसांत, पापण्यांवर पांढरी पिंज. देवकाबाई म्हणून सगळ्यांत जुन्या होत्या, त्या म्हणायच्या, "आपण समद्या एकाच दिवसात म्हाताऱ्या होतो, अन् संध्याकाळी आंग धुतलं का पुन्हा जवान."

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. त्या दिवशी आमचा एक खेळ असायचा, आंधळं सूत. एकच ड्रम चालवायचा. देवकाबाई चकत्यांवर वायसर ठेवणार, किती ते कोणाला सांगायचं नाही. एकेकीने डोळे मिटून बोट लावायचं आणि सांगायचं. जी बरोबर सांगेल तिला नारळाचा पहिला तुकडा. मी येण्याआधीपासून तो वहिनीचाच असायचा. बाकीच्या हसायला आणि हरायला खेळायच्या.

एका वर्षी वहिनीने डोळे मिटले, बोट लावलं. नेहमी ती लगेच सांगायची. या वेळी तिने बोट थोडं पुढे सरकवलं, मग दुसरं लावलं.

"तीन," ती म्हणाली.

चकत्यांवर एकही वायसर नव्हती. देवकाबाईंनी मुद्दाम सगळ्या काढून ठेवल्या होत्या.

"काऊन वो यमुने," देवकाबाई म्हणाल्या, "सोनं वाटाच्या आधीच झोप लागली का तुले?"

"तिले हिंगणीची बस दिसत असन," दुसरी कोणी म्हणाली.

सगळ्या हसल्या, वहिनीही हसली. नारळ मला मिळाला. मी तिला अर्धा द्यायला वळले तेव्हा ती अंगठ्याने तर्जनीचं पेर चोळत होती, बोटाला काही लागलं असेल आणि ते निघत नसेल तशी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी सुताला ओठ लावू लागली. ड्रमवर वाकायची, खालचा ओठ चालत्या सुताला हलकेच टेकवायची आणि मग वायसर काढायची किंवा टाकायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मशीनच्या कानात काही सांगते आहे.

"सूत चाखून राह्यली का वो?" देवकाबाईंनी विचारलं. "मीठ कमी आहे का?"

"आहे थोडं," वहिनी म्हणाली. "तुमचं तोंड लागलं नाई म्हून."

शेड हसलं आणि ती तिची सवय म्हणून चालून गेली. ओठाने काम होत होतं, पण वेळ लागायचा, मान भरून यायची. आणि ओठावर सुताची एक बारीक लाल रेघ उठायची.

एका रविवारी परसात आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो. माय देवळात गेली होती. वहिनीने उजवा हात माझ्यापुढे धरला, तोंड दुसरीकडे केलं.

"बाई, चिमटा काढून पाह्य."

मी बोटाच्या पेराला चिमटा काढला. नंतर जरा जोराने काढला.

"काढ ना वो," ती म्हणाली.

तिने वळून पाहिलं, माझं नख तिच्या बोटात रुतलेलं होतं. मग तिने बांगड्या मागे सारल्या. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. वर्ध्यात वाढलेल्या माणसाला त्याचं नाव सांगावं लागत नसे. आमच्याकडे तेव्हा त्याला महारोगच म्हणत.

"वहिनी, डॉक्टरकडे जाऊ. आता गोळ्या आहेत."

"जाईन. पहिले हात चालू दे." तिने बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. "मशीन सुटलं तं समदे इचारतीन काऊन सुटलं. मंग घर सुटते, बाई. चार वर्सं झाले, मूलबी नाई. कोण ठेवन मले तुह्या घरात?"

त्या दिवसापासून मी तिची बोटं झाले. आमचे ड्रम शेजारी होते. येता-जाता मी तिच्या सुताला बोट लावायचे. भुवई वर केली की तिने एक वायसर काढायची, मान खाली घातली की टाकायची. मशीनच्या आवाजात बोलायचं काम नव्हतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. माझं स्वतःचं उत्पादन थोडं घसरलं आणि शेठजी एकदा त्यावर बोलले, पण निळ्या खुणेचे कोन पूर्वीसारखेच सारखे निघत राहिले. ती थंडी आणि तो उन्हाळा आम्ही असा काढला. संध्याकाळी घरी येताना ती पुष्कळ बोलायची, हिंगणीच्या अस्वलांच्या गोष्टी सांगायची. मला वाटायचं, असंच चालेल.

आषाढात आंजीची मंडळी मला पाहायला यायची ठरली. मायने मला शेडमध्ये जाऊ दिलं नाही. वहिनी म्हणाली, "तू घरी राह्य. एका दिवसानं काय होते?" जाताना तिने माझी वेणी घातली, गजरा माळला. त्या दिवशी पाहुण्यांना मी पोहे नेऊन दिले. मुलगा आंजीचा शेतकरी, बरा होता. माझं लक्ष पावसाकडे होतं, कारण अशा हवेत सूत जड होतं आणि चकत्या भरतात.

शेडमध्ये काय झालं ते देवकाबाईंनी नंतर सांगितलं. दुपारनंतर शेठजी पूर्ण झालेले कोन तपासत होते. एका कोनाच्या बाजूला त्यांना गुलाबी रेघा दिसल्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या एकात एक. आत निळी खूण होती. ते वहिनीच्या ड्रमपाशी गेले, तर तिथे दुसऱ्या कोनावरही रेघा उठत होत्या. सुताने तर्जनी कापली होती, खोलवर, आणि ती त्याच बोटाने काम करत होती. देवकाबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"दाबलं तं दुखते का?"

"दुखते ना," वहिनी म्हणाली.

देवकाबाई मला म्हणाल्या, "मी बोट दाबलंच नव्हतं वो. नुसता हात धरला होता."

दुसऱ्या दिवशी डबे उघडले तेव्हा गोल थोडा सरकला, एवढंच. माठावरचा तिचा गिलास कोणीतरी उचलून खिडकीत ठेवला होता. तिसऱ्या दिवशी वहिनी गेली नाही.

दादा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कापसाचा बारीक पिळा करून हातावर फिरवला, डोळे मिटायला सांगितले, आणि म्हणाले, बरं होतं, गोळ्या नेमाने घ्या, घरीच राहू द्या, कोणाला काही होत नाही. दादाने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तो मापारी होता, शब्द कमीजास्त करायची त्याला सवय नव्हती.

"डॉक्टर आपल्या घरी सोयरीक कराले येणार आहे का?" माय म्हणाली.

मी म्हटलं, "मले नाई करायचं लग्न."

"तं बस मंग मशीनवर जनमभर. अन् तुह्या भावाचं काय?"

वहिनी चुलीपाशी होती. तिची ताटली आदल्या दिवसापासून वेगळी झाली होती, ती तिने स्वतःच वेगळी घासून ठेवली होती. दोन दिवसांनी दादाने तिची पेटी बाहेर काढली.

"चार दिवस राह्यजो माहेरी," तो म्हणाला.

"किती दिवसाचे चार?" तिने विचारलं.

दादाने पेटी उचलली. बस निघेपर्यंत पाऊस होता आणि तो छत्री तिच्यावर धरून उभा होता, हात लांब करून.

आंजीहून निरोप आलाच नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. मायने काही दिवस वाट पाहिली, मग त्या घराचं नाव काढायचं सोडलं. पुढच्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं. नवी वहिनी वाईट नव्हती. तिला मी वहिनी म्हणायचे, पण यमुनावहिनीचा ड्रम शेडमध्ये बरेच दिवस रिकामा होता, आणि त्याच्या शेजारी बसून माझं बोट चुकायला लागलं.

दोन-तीन वर्षं गेली. नवीन गोळ्या आल्या होत्या. एका सकाळी वहिनी शेडच्या दारात उभी राहिली. स्वच्छ पातळ, केस नीट. डॉक्टरांनी बरी झाली म्हणून सांगितलं होतं. चट्टा जवळपास गेला होता. रोग गेला, पण बोटांना गेलेलं परत आलं नव्हतं. ते तिने स्वतःच सांगितलं, लपवलं नाही.

त्या वर्षी शेडमध्ये एक नवीन मशीन आली होती. तिला वायसर नव्हत्या. एक स्प्रिंग आणि एक काटा, काटा आकड्यावर आणला की ओढ आपोआप सारखी. शेठजी मनाने बरे होते. ते म्हणाले, "बाई, याले बोट लावायचं कामच नाई. बसा."

वहिनी बसायला पुढे झाली आणि पलीकडच्या ओळीतला एक ड्रम थांबला. मग त्याच्या शेजारचा. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. एकेकीने दांडी वर केली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. देवकाबाईही. इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये काढली, पण दिवसाउजेडी तिथे पाखरांचा आवाज ऐकला तो तेव्हाच. माझा ड्रम मी चालू ठेवला. एका ड्रमने काय होतं?

वहिनीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग माझ्याजवळ आली, दोन हात अंतर ठेवून.

"तुह्यावाला ढिला वाजून राह्यला, बाई. वायसर टाक."

ती गेल्यावर मी बोट लावून पाहिलं. ढिलाच होता.

पुढे माझं लग्न झालं, वर्ध्यातच. मग शेड बंद पडलं. मशीनी भंगारात वजनावर गेल्या, हे मला भाजीबाजारात कळलं. मी तेव्हा भाजी घेत होते आणि घेऊन घरी आले.

कडुलिंबाखाली मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मेसमधली दोन मुलं माझ्याकडे पाहून बाजूने गेली. परत आले तेव्हा यांचं रक्त देऊन झालं होतं. कुठे गेली होतीस, म्हणाले. पाय मोकळे करायला, म्हटलं. रात्री मुलीला फोनवर विचारलं, हिंगणीची मामी आठवते का. ती म्हणाली, कोण मामी? आम्ही हिंगणीला गेलो तेव्हा ती पाच वर्षांची होती, तिला आठवणार नाही. म्हणून जे झालं ते इथे लिहिते.

शेड बंद झाल्यानंतरची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी मुलीला घेऊन हिंगणीला गेले. कोणालाच विचारलं नाही. वहिनी भावाच्या शेतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कवेलूंनी शाकारलेल्या एका खोलीत राहत होती. दारापुढे पोत्यावर मोहफुलं वाळत घातलेली. धरणाकडून ओलसर वारा येत होता. तिची दोन बोटं आता वाकडी झाली होती. तिने आम्हाला बाजेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसली. चहा भावाच्या घरून मागवला, स्वतःच्या चुलीवर केला नाही. बोललो ते सगळं आंब्यांबद्दल आणि पावसाबद्दल. दादाचं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मुलगी अंगणात खेळत होती. तिची वेणी सुटली. ती धावत आली आणि, लहान मूल जे जवळ असेल त्याच्यापुढे बसतं तशी, वहिनीच्या पुढ्यात पाठ करून बसली.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाल ना."

तिने केस हातात घेतले. किती वर्षांनी तिने कोणाच्या डोक्याला हात लावला असेल, मला ठाऊक नाही. वाकड्या बोटांतून बटा सुटत होत्या, त्या ती पुन्हा गोळा करत होती. चेहऱ्यावर मशीनवर असायचं तसं लक्ष. ओठ थोडे उघडे.

"घट्ट झालं तं सांगजो, बेटा. मले समजत नाई."

मुलीने मान हलवली. मामीला त्रास द्यायचा नाही, असं मी तिला बसमध्ये सांगितलं होतं. वहिनीने पेड ओढला. मुलीच्या भुवया वर ताणल्या गेल्या, डोळे भरले. वहिनीने दुसरा पेड ओढला.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "दुखते."

वहिनीचे हात थांबले.

"काही नाही," मी म्हटलं. "थोडं ढिलं कर वहिनी, झालं."

"थोडं म्हंजे किती, बाई?"

आयुष्यभर मी हिशेब केले आहेत. दुधाचे, किराण्याचे, मुलीच्या फीचे. कोणी आकडा विचारला आणि मला सांगता आला नाही, असं फारसं झालेलं नाही. तिने उत्तराची वाट पाहिली. मग एकेक बोट केसांतून काढून घेतलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

उरलेली वेणी मी घातली.

ती आम्हाला बसपर्यंत पोचवायला आली. मुलीसाठी चारं आणली होती, ती पानात बांधून तिने भावाच्या मुलाच्या हाती दिली आणि त्याने आम्हाला दिली. बस वळेपर्यंत मुलगी खिडकीतून हात हलवत होती. वहिनी रस्त्याच्या कडेला उभी होती, आमच्याकडेच पाहत. हात तिने पदराखालून बाहेर काढले नाहीत.